जुने शिलाई मशीन जाम झालेय? भंगारात देण्याआधी हे वाचा

पुण्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर नाहीतर कॉटखाली एखादे काळे, सोनेरी नक्षीचे शिलाई मशीन अजूनही सापडते. चाक फिरत नाही म्हटल्यावर ते किलोच्या भावाने भंगारात जाते. मी छंद म्हणून अशी मशीन सोडवतो. माझा अनुभव असा, की जाम झालेले मशीन बहुतेक वेळा बिघडलेले नसतेच. आत जुने तेल वाळून बसलेले असते, बस्स. ते कसे सोडवायचे आणि पुढे कसे सांभाळायचे, ते बघू.

मशीन जाम का होते?

मुख्य कारण म्हणजे चुकीचे तेल. हाताशी असते म्हणून घरोघरी खोबरेल किंवा गोडेतेल घातले जाते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणजे पुण्याच्या थंडीत बाटलीत होते तेच मशीनमध्येही होते. करडईसारखी तेले हवा लागून वाळतात आणि व्हार्निशसारखा थर धरतात. त्यात कपड्याची कस आणि धूळ मिसळली, की सांधे चिकटतात. शिलाई मशीनचे पातळ, पांढरे तेल खनिज असते. ते असे वाळत नाही.

घेताना काय तपासायचे?

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात (रविवार आणि बुधवार) अशी मशीन दिसतात. मी चार गोष्टी बघतो:

- तडा: मशीनचे डोके बिडाचे असते. बीड वाकत नाही, तुटते. तडा असेल तर सोडून द्या.
- बॉबिन: गोल बॉबिन आणि बाहेर निघणारी बॉबिन केस असेल तर उत्तम. ही सिंगरची ‘क्लास १५’ रचना. आपल्याकडची बरीच काळी घरगुती मशीन याच घडणीची आहेत, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. लुधियाना हे त्यांचे मोठे केंद्र. लांबट बॉबिन आणि होडीसारखे शटल असेल तर ते शटल जागेवर आहे का, ते आधी बघा. नंतर शोधणे कठीण जाते.
- गंज: वरवरचा गंज निघतो. सुईदांडी खोलवर खाल्ली गेली असेल तर नको.
- नंबर: सिंगरच्या पट्टीवरचा नंबर ‘वाय’ने किंवा ‘ईबी’, ‘ईसी’ अशा अक्षरांनी सुरू होत असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातले. तो १९८० मध्ये बंद झाला. नंबरात अक्षरच नसेल तर मशीन साधारणपणे १९०० च्या आधीचे.

एक इशारा. ‘जुन्या सिंगरमध्ये रेड मर्क्युरी असते, लाखो रुपये मिळतात’ ही निव्वळ अफवा आहे. २००९ मध्ये सौदी अरेबियात तिच्यामुळे जुन्या मशीनचे भाव भलतेच वाढले होते. मशीनमध्ये असे काहीही नसते. या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

मशीन सोडवायचे कसे?

१. आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काढलेला प्रत्येक स्क्रू वाटीत, क्रमाने ठेवा.

२. सुई, बॉबिन केस आणि शटल काढा. शटलभोवती अडकलेला दोरा हेही जाम होण्याचे नेहमीचे कारण आहे. चिमट्याने ओढून काढा.

३. जिथे धातूवर धातू फिरतो तिथे, वर आणि खाली, मशीनचे तेल घाला. थर जाड असेल तर ब्रशने थोडे रॉकेल लावा, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडीपासून लांब. हेअर ड्रायरची ऊब द्यायची असेल तर फक्त तेलावर. रॉकेल लावल्यावर ड्रायर नको.

४. एक दिवस थांबा. मग चाक हाताने पुढे-मागे हलवा. जोर लावू नका, हातोडी तर नाहीच. रोज थोडे तेल, थोडी हालचाल. काही मशीन आठवडाभर घेतात.

५. सुटले की रॉकेल पुसून पुन्हा तेल द्या. रॉकेल साफ करते, वंगण देत नाही. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचेही तेच.

चाक फिरते पण सुई हलत नाही? चाकामधला गोल स्क्रू ढिला आहे का बघा. बॉबिन भरताना तो ढिला करतात. तो आवळूनही पकड येत नसेल तर आतला कानवाला वॉशर अर्धा फिरवून बसवा.

नक्षी जपा

जुन्या सिंगरसारख्या मशीनवर नक्षीच्या वर बहुधा लाखेचा पारदर्शक थर असतो. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा थिनर लावला की तो विरघळतो आणि सोनेरी नक्षी जाते. तेलात भिजवलेला मऊ कापूस हलक्या हाताने फिरवा, एवढेच पुरे. नवा रंग मारू नका, मूळ रूप परत येत नाही.

टीप नीट येत नाही?

- टाके सुटतात: आधी सुई बदला. घरगुती मशीनला साधारणपणे चपट्या बाजूची ‘एचए गुणिले १’ सुई लागते, काही टेलर मॉडेलला गोल दांडीची. सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला हवी.
- खाली दोऱ्याचे गुंते: दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट वर करून टेन्शनच्या चकत्यांमधून कापडाची पट्टी फिरवा, कस निघेल. मग दोरा पुन्हा ओवा.
- तरीही टाका धरत नाही: सुई तळापासून साधारण २ ते २.५ मिलिमीटर वर येताना शटलचे टोक तिच्यामागे पोचायला हवे. हे जुळवणे नव्याने शिकणाऱ्याने कारागिराकडून बघून घ्यावे.

मोटर असेल तर

जुन्या वायरचे रबर तडकते आणि मशीनचे अंग धातूचे असते. वायर, पेडल आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय प्लग लावू नका.

वर्षभराची देखभाल

रोज वापर असेल तर आठवड्याला, नाहीतर महिन्याला प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब तेल. नंतर फडक्याच्या तुकड्यावर टीप मारून जादा तेल काढा. शटलखालची कस ब्रशने काढा. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा ढिला पडला तर तुकडा कापून क्लिप पुन्हा लावा; त्यावर तेल पडू देऊ नका. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते आणि गंज चढतो. सुती कापड घाला आणि दर आठवड्याला चाक चार वेळा फिरवा.

एवढे केले तर मशीन शोकेसमध्ये ठेवायची वेळ येत नाही. पडद्याला किंवा जीन्सला टीप मारायला घ्या. चालू राहिलेले मशीन सहसा जाम होत नाही.