७ जून १९६८ : विटांची बाग खुली झाली
डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावात जगातले पहिले लेगोलँड या दिवशी सुरू झाले. ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली इथेच लाकडी खेळणी बनवायला घेतली होती. लेगोच्या प्लॅस्टिकच्या विटेचे पेटंट १९५८ सालचे. कारखान्यातल्या विटांच्या प्रतिकृती पाहायला लोकांची इतकी रीघ लागली, की ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने त्यासाठी स्वतंत्र बागच उभारली. तिथल्या मिनीलँडपुढे मोठी माणसेही लहान मुलांसारखी उकिडवी बसतात. घरे, बंदरे, बोटी, सारे विटांचेच, बहुतेक मूळ आकाराच्या विसाव्या हिश्श्याएवढे. जवळून पाहावे तर प्रत्येक छपरावर ती ओळखीची गोल बोंडे! सुरुवातीच्या कितीतरी वास्तू दाग्नी होल्म या कलावतीच्या हातच्या.