शस्त्रक्रियेसाठी परदेश?

शरीर एक सांगते आणि मन दुसरे, अशा कोंडीतील माणसे सर्व काळांत होती. शस्त्रवैद्यकाने त्यांना वाट दाखविली, ती मात्र दूरदेशी. न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीन जॉर्गेनसेन यांच्यावर कोपनहेगन येथे शस्त्रक्रिया झाल्याची वार्ता डिसेंबर १९५२ मध्ये जगभर गेली. पुढे कासाब्लांका व बँकॉक ही नावे गाजली. आमच्या मुंबईतही अशा माणसापुढे प्रश्न उभा राहतो, 'पारपत्र काढावे काय?'

इथला इतिहास निराळे सांगतो. २०१२ साली गुवाहाटीची एकवीस वर्षांची व्यक्ती यासाठी मुंबईसच आली. आईवडिलांनी हरकत घेतली, रुग्णालय थबकले. सज्ञान माणसास अशा शस्त्रक्रियेची मनाई करणारा कायदा नाही, असे तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. मे २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर बोरीबंदराजवळील सरकारी सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य हाताशी होते. अडले होते रजेच्या अर्जावर! त्यासाठी साळव्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१९ च्या कायद्याने तर ही सोय करण्याचे दायित्व शासनावरच टाकले.

परदेशी जाणाऱ्यास आम्ही अडविणार नाही. पण शस्त्रक्रिया काही तासांची, शुश्रूषा महिनोन्महिन्यांची. तेव्हा वैद्य हजार कोसांवर असून कसे चालेल? आणि लालबाग-परळच्या चाळीतील माणसाने विमानभाडे आणावे कोठून? आमच्याकडे उणीव कौशल्याची नव्हती, संमतीची होती. ती देण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही.