रुमाल, छायाचित्र आणि सूची

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातवाने घरातील सर्व छायाचित्रे संगणकावर एकत्र केली. जुन्या अल्बमांतील कृष्णधवल चित्रे त्याने यंत्राने उतरवून घेतली, घरच्या मंडळींच्या मोबाईलमधील चित्रे त्यांत मिळविली, आणि एकूण संख्या तीस हजारांच्या वर गेली. त्या ढिगात एक जुने चित्र ‘नवी मुंबई’ या सदरात पडलेले मला दिसले. पाहतो तो माझे वडील! अंगात सदरा व धोतर, पायाशी वळकटी, आणि मागे फलक ‘बेलापूर’. मुलाचा यात काय दोष? आमचे श्रीरामपूर ज्या रेल्वे स्टेशनाभोवती वाढले, त्या स्टेशनाचेच नाव बेलापूर; त्याला ठाऊक असलेले बेलापूर मात्र मुंबईच्या खाडीपलीकडचे.

या प्रसंगाने मला पुण्याच्या पेशवे दप्तराचे स्मरण झाले. त्या दप्तरात सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे कागद इंग्रजांच्या हाती गेले. इनामाच्या व वतनाच्या चौकशीत सरकारला त्यांचा उपयोग होई. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते दीर्घकाळ दुर्लभच होते. पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले.

त्या कामात एक मोठी अडचण होती. जुन्या मोडी पत्रांवर तिथी किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असे, परंतु पुष्कळदा वर्ष नसे. पत्र लिहिणारास व वाचणारास चालू साल ठाऊकच होते. ते लिहिण्याची गरज कोणास भासावी? मग दीड-दोन शतकांनंतर अभ्यासकाने पत्रातील स्वाऱ्या, लग्ने व मृत्यू यांच्या उल्लेखांवरून वर्ष ताडावयाचे. जे सर्वांस ठाऊक असते तेच लिहिण्यावाचून राहते, आणि तेच प्रथम नाहीसे होते.

छायाचित्रांचेही असेच झाले. १८३९ साली ही विद्या पॅरिस येथे जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड लंडनमध्ये निघाले. त्यांतील पुष्कळ चित्रांखाली माणसाची जात, जमात किंवा धंदा छापलेला आहे. त्याचे नाव बहुधा नाही. सरकारला जो प्रश्न पडला होता, त्याचेच उत्तर सूचीत राहिले. समोर बसलेल्या माणसास त्याच्या घरचे लोक काय म्हणून हाक मारीत, हे कोणी लिहून घेतले नाही.

आता कोणी म्हणेल की, नव्या काळात ही चिंता उरली नाही. १९९५ साली ‘एक्झिफ’ नावाची पद्धत निघाली. तिच्या योगे कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात तारीख व वेळ आपण होऊन नोंदतो. मोबाईल तर स्थळही नोंदू शकतो. परंतु यंत्राचे घड्याळ चुकले की तारीखही चुकते. आणि माझ्या वडिलांच्या चित्रावर संगणकाने कोणती तारीख घातली होती, ठाऊक आहे? गेल्या उन्हाळ्याची! कारण ते यंत्राने उतरविले गेले त्या दिवशी.

म्हणून मोठ्या संग्रहास सूची लागते. डिजिकॅम, लाइटरूम यांसारख्या प्रणाली हे काम करतात. सारखे दिसणारे चेहरे त्या एकत्र आणून दाखवितात. मात्र त्या चेहऱ्याचे नाव प्रथम माणसानेच सांगावे लागते. एका चित्रास अनेक खुणेचे शब्द जोडता येतात. आमच्या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ साली बदलून अहिल्यानगर झाले. दोन्ही नावे जोडून ठेवली म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी चित्र सापडते.

परंतु ही नोंद कोठे राहते, हे पाहिले पाहिजे. शाळेत प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरात असते आणि शाळा सोडल्याचा दाखला मुलाच्या हाती असतो. नोंद केवळ प्रणालीच्या वहीत ठेवली तर ती रजिस्टरासारखी एके जागी अडकते. चित्राच्या पोटातच लिहिली तर दाखल्यासारखी त्याच्याबरोबर जाते. यासाठी ‘एक्सएमपी’ ही पद्धत २००१ साली निघाली. पिकासा ही लोकप्रिय प्रणाली २०१६ साली बंद करण्यात आली, तेव्हा या भेदाचे महत्त्व अनेकांस कळले असेल.

हल्ली रोज संध्याकाळी नातू व मी तासभर बसतो. तो चित्र दाखवितो, मी सांगतो, तो लिहितो. परवा एका लग्नातील चित्र निघाले. ओळीने सात माणसे. मला चौघेच ओळखता आले. उरलेली तिघे माझ्या आत्याने क्षणात सांगितली असती. ती दोन वर्षांपूर्वी वारली. तो अल्बम तिच्या घरी फळीवरच असे, आणि दर दिवाळीस मी तिच्याकडे जात असे. पण विचारण्याचे कधी सुचले नाही. नातवाने त्या तिघांपुढे ‘ओळख पटली नाही’ असे लिहिले.

वडिलांचे चित्र मात्र आता आपल्या जागी आहे : ‘श्रीरामपूर, बेलापूर स्टेशन, नोकरीवर रुजू होण्यास निघताना, साल अंदाजे १९५८.’ ‘अंदाजे’ हा शब्द नातवास पटेना. तो म्हणाला, “आजोबा, नक्की साल कोण सांगेल?” मी म्हणालो, “आता कोणी नाही. म्हणूनच तो शब्द राहू दे.”

श्रोतेहो, आपल्या घरीही असे अल्बम असतील, आणि त्यांतील माणसे ओळखणारे एखादे वडीलधारे माणूस असेल. संगणक व प्रणाली उद्याही मिळतील. आज त्या माणसाजवळ पेन्सिल घेऊन बसावे, एवढेच माझे सांगणे आहे.