एरंडोलचा कागद आणि चिमूटभर चुना

जुन्या घराच्या माळ्यावरची लोखंडी ट्रंक कधी उघडली असेल, तर एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. तळाशी फडक्यात बांधलेले मोडी कागद असतात. कुठला खरेदीखताचा, कुठला देण्याघेण्याचा. दीडदोनशे वर्षांचे हे कागद उलगडले तर नीट उलगडतात आणि पुन्हा घडी घातली तर घडीही घेतात. त्यांच्यावर आजोबांचे शाळेतले पुस्तक असते, १९३०-४० च्या सुमाराचे एखादे वर्तमानपत्र असते. ते हातात घेतले की कडेचा तुकडा पापडासारखा मोडून बोटांत येतो. वयाने धाकटा असलेला कागद थोरल्याच्या आधी म्हातारा झालेला असतो. हे असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि आपल्या खानदेशच्या इतिहासातही आहे.

जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल लागते. अंजनी नदीकाठचे हे गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. तापीपलीकडचे यावलही असेच. तिथे कागद होत असे आणि निळीचा रंगही होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये या दोन्ही गावांच्या नोंदीत कागदाचा उल्लेख आहे. मात्र तोवर यावलची नीळ बंद पडली होती आणि कागदाचा धंदा दोन्हीकडे थोडाफारच उरला होता. म्हणजे ज्या वेळी सरकारने नोंद केली, त्या वेळी धंद्याची अखेर जवळ आली होती.

कागद मूळचा चीनचा. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने त्याची कृती बादशहापुढे ठेवली, असे चिनी इतिहास सांगतो. मध्य आशियातून ही विद्या भारतात आली आणि सुलतानांच्या काळात दख्खनमध्ये रुजली. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातले जुन्नर ही तिची मोठी केंद्रे होती. खानदेशात फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हा मुलूख मोगलांकडे गेला. राज्य कोणाचेही असो, फर्माने, सनदा, वसुलाचे हिशेब आणि व्यापाऱ्यांच्या वह्या यांना कागद लागणारच. तो करणारे कारागीर बहुतेक मुसलमान होते आणि लोक त्यांना ‘कागदी’ म्हणत. पुढे अनेक घराण्यांचे ते आडनावच झाले.

हे कागदी कच्चा माल म्हणून काय वापरत? ताग आणि अंबाडी. तोही बहुधा नवा नव्हे. झिजलेली दोरखंडे, फाटकी गोणपाटे, कामातून गेलेली जाळी. ती तोडून भिजवायची, चुन्याच्या निवळीत मुरवायची, पायाने चालवायच्या जड लाकडी कुटणीखाली दिवसेंदिवस कुटायची, नदीवर नेऊन धुवायची आणि पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे. शेवटी जो पांढरट लगदा होई तो पाण्याच्या हौदात सोडत. गवताच्या बारीक काड्यांची चटईसारखी जाळी त्यात बुडवून अलगद वर उचलली की पाणी निथळून जाई आणि जाळीवर तंतूंचा पातळ थर राही. तोच कागद. तो भिंतीवर चिकटवून वाळवायचा, त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने चमक येईपर्यंत घोटायचा.

यातली एकेक पायरी आता विज्ञानाच्या चष्म्यातून बघू.

वनस्पतीच्या तंतूत मुख्य द्रव्य असते ते सेल्युलोज. १८३८ मध्ये आन्सेल्म पायां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळे करून दाखवले. सेल्युलोजचा रेणू म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ समजा. ग्लुकोजचा एकेक मणी दुसऱ्याला जोडत जाऊन हजारो मण्यांची लांब माळ होते. कापसाच्या तंतूत अशा एका माळेत दहा हजारांच्या आसपास मणी असतात. असे प्रचंड लांब रेणू असू शकतात हेच १९२० पर्यंत शास्त्रज्ञांना पटत नव्हते. जर्मनीच्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी ते ठामपणे मांडले आणि त्यांना १९५३ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या कागद्यांना रेणू ठाऊक नव्हता, पण जुन्या दोरखंडाचा धागा चिवट असतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

कुटण्याने काय होते? तंतूचा पृष्ठभाग फुलतो, त्याला बारीक रोंवे फुटतात. ओला थर वाळू लागला की शेजारशेजारचे तंतू अगदी जवळ येतात आणि त्यांच्यातल्या माळा हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. कागदाचा ताव सुटत नाही तो यामुळे. त्यात गोंद घालावा लागत नाही. तंतू जितका लांब, तितकी पकड जास्त आणि घडीवर तुटण्याची भीती कमी.

खळ म्हणजे स्टार्च. गंमत अशी की स्टार्चही ग्लुकोजच्या मण्यांचाच बनलेला असतो, फक्त मणी जोडण्याची पद्धत वेगळी. एवढ्याशा फरकाने भात आपल्याला पचतो आणि कडबा पचत नाही. खळीने कागदाची छिद्रे भरतात आणि शाई फुटत नाही. घोटल्याने तंतू आडवे बसतात आणि बोरू अडखळत नाही. दोषही त्यातच आहे. खळ ही कसरीचे खाद्य, आणि वाळवीच्या पोटात सेल्युलोज पचवणारे सूक्ष्मजीव असल्याने ती तर अख्खा कागदच खाते.

आता चुना. चुन्याच्या निवळीने तंतूंना चिकटलेला डिंक, मेण आणि लिग्निन नावाचे द्रव्य सुटून येते. लिग्निन म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ. लाकडात तो पाव भागाच्या आसपास असतो, तागासारख्या तंतूत त्याहून कमी. ऊन आणि हवा लागली की लिग्निन पिवळे-तपकिरी पडते. ते कागदात नसलेलेच बरे. पण चुन्याचे खरे काम पुढे आहे. कितीही धुतले तरी लगद्यात चुन्याचा थोडा अंश मागे राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि पुढे कागदात जे जे आम्ल तयार होईल ते तो मारत बसतो. कागदाच्या पोटात ठेवलेला तो एक पहारेकरीच.

या पहाऱ्याचे मोल कळले ते तो गेल्यावर. १८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिग यांनी खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती आणि यंत्राला सोयीची होती. १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची रीत निघाली. कागद स्वस्त झाला, त्यामुळे शाळा, वर्तमानपत्रे आणि पुस्तके सामान्य माणसापर्यंत पोचली. हे उपकार लहान नाहीत. पण कागदातली तुरटी दमट हवेत आम्ल तयार करते. हे आम्ल सेल्युलोजच्या माळेचा एकेक सांधा तोडते आणि तोडून स्वतः संपत नाही, पुढच्या सांध्याकडे वळते. उष्णतेने हा वेग वाढतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या आमच्या जळगाव-धुळ्यात तो किती वाढत असेल याची कल्पना करा. माळेत दोनएकशेच मणी उरले की कागद घडी सोसत नाही. ट्रंकेतले पुस्तक पापडासारखे मोडते ते याच कारणाने.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेली ५०० पुस्तके तपासली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की जेमतेम तीन टक्के पुस्तकांचा कागद आणखी पन्नास वर्षांहून अधिक टिकेल. जगभरची ग्रंथालये हादरली. पुढे १९९४ मध्ये टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात एक अट अशी की कागदात किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका आम्लरोधक साठा असावा. चुन्याच्या निवळीत हात घालणाऱ्या कारागिराने अजाणता जे साधले होते, तेच जगाने मोजमाप लावून पुन्हा मागितले.

धुळे शहराला या सगळ्याचे महत्त्व अधिक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरोघरच्या दप्तरांवरची धूळ झटकून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. पहिला खंड १८९८ चा. असे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये इथेच सत्कार्योत्तेजक सभा काढली. त्यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधोमध लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असे समर्थ त्यात सांगतात. कागद कडेकडून मरतो हे ज्याने पाहिले आहे, त्याचेच हे शब्द.

जुनी देशी शाईही विचारपूर्वक केलेली. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने विटत नाही आणि कागदाला इजा करत नाही. युरोपातली लोहयुक्त शाई आम्लधर्मी असल्याने अनेक ठिकाणी अक्षरांच्या जागी कागदच खाऊन टाकते. आपल्या शाईला भय एकच, पाण्याचे, कारण डिंक विरघळतो.

आता खरी काळजी कशाची ते सांगतो. राजवाड्यांनी वाचलेली मूळ पत्रे हातकागदावरची. त्यांचे छापील खंड मात्र गिरणीच्या कागदावरचे. त्या काळातल्या छापील प्रती हाताळणाऱ्यांचा अनुभव असा की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. शिवकाल आणि पेशवाईपेक्षा आपला कालपरवाचा इतिहास अधिक धोक्यात आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आपल्या हाती आल्या. हा सारा गिरणीच्या कागदाचा काळ. त्या पिढीची पत्रे, शाळांची रजिस्टरे, सहकारी सोसायट्यांची इतिवृत्ते, तालमींच्या आणि भजनी मंडळांच्या वह्या आपापल्या घरांत, कपाटांत आतून तुटत आहेत. त्यांना कोणी राजवाडे भेटेपर्यंत त्या थांबणार नाहीत.

हातकागदाला पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न झाले. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याने या धंद्याला हात दिला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. आज यावल-रावेरच्या केळीच्या खांबातही सेल्युलोजचा उत्तम तंतू आहे आणि त्यापासून कागद होतो. १९८० नंतर जगभरच्या अनेक गिरण्यांनीही तुरटी सोडून कॅल्शियम कार्बोनेटची वाट धरली, त्यामुळे अलीकडची पुस्तके जास्त टिकतील. मधल्या शतकाचे काय, हाच प्रश्न उरतो.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जुने कागद उन्हापासून आणि ओलीपासून दूर, खळ नसलेल्या स्वच्छ सुती फडक्यात बांधून ठेवावेत. जुन्या दप्तरखान्यांत रुमालात कागद बांधत, त्यात शहाणपण होते. सुती कापड हवा खेळती ठेवते, प्लास्टिकची पिशवी ओल कोंडून धरते. टाचण्या काढाव्यात, कारण त्या गंजतात. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर करूच नये, कारण आम्ल आतच राहते आणि कागद पुन्हा सोडवता येत नाही. वर्तमानपत्राचे कात्रण चांगल्या कागदाला चिकटवून ठेवू नये, त्याचे आम्ल शेजाऱ्याला लागते. मोडू लागलेल्या वहीचे आजच छायाचित्र काढावे, आणि घरात सांभाळणे जमत नसेल तर संशोधन संस्थेकडे द्यावी.

एरंडोलच्या कागद्याने आपले नाव कुठल्याच तावावर लिहिले नाही. त्याने लगद्यात चिमूटभर चुना मागे ठेवला आणि त्यावर दुसऱ्यांनी लिहिलेले शब्द शतकानुशतके टिकले. आपल्या आजोबांच्या कागदात तो चुना नाही. येत्या रविवारी ट्रंक उघडा, आणि आत काय उरले आहे ते एकदा बघा.