कारची बॅटरी खरंच गेलीय का? मल्टिमीटरने घरीच तपासा

जुन्या फोनवर ४० टक्के बॅटरी दिसते, पण कॅमेरा उघडला की फोन बंद! कारच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचंही तसंच आहे. चार्ज किती आहे आणि बॅटरीत दम किती उरलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी चार्ज बघू. गाडी रात्रभर बंद ठेवा, कारण नुकत्याच चालवलेल्या गाडीत आकडा फसवा, जास्त दिसतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला लावा. १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

आता खरी परीक्षा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. प्रोब तसेच धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा क्षणभरच खाली येतो, म्हणून फोन कुठेतरी टेकवून मीटरचा व्हिडिओ काढा (मी तरी तेच करतो). फुल चार्ज असूनही आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी संपत आलीय. १० च्या वर राहिला, तरी स्टार्टर कण्हतोय? मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड किंवा ढिला क्लॅम्प बघा.

इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसतं. आकडा १२.५ वरच अडकला, तर अल्टरनेटर तपासून घ्या. नाहीतर हजारो रुपयांची नवी बॅटरीही चार दिवसांत डाऊन होईल.