बारा नंबरचा बूट

ओ. जे. सिम्पसनचा खटला म्हटलं की लोकांना तो हातात न बसलेला हातमोजा आठवतो. क्राइम बीट केलेल्या माझ्यासारख्याला बूट आठवतो.

जून १९९४, लॉस एंजेलिस. सिम्पसनची घटस्फोटित बायको निकोल आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांचा खून झाला. फरसबंदीवर रक्ताने उमटलेले बुटाचे ठसे, पण बूट काही सापडला नाही. एफबीआयच्या संग्रहातही तसा तळ नव्हता. मग तिथले तज्ज्ञ विल्यम बॉडझिअॅक यांनी तळाचं चित्र कंपन्यांना पाठवलं. धागा पोचला थेट इटलीतल्या सिल्गा कारखान्यात. तळ त्यांचा, बूट महागड्या ब्रुनो माली कंपनीचा. बारा नंबरचे असे जोड अमेरिकेत विकले गेले होते फक्त २९९. सिम्पसनचा नंबर? बाराच!

पण ते बूट त्याच्याकडे होते हे दाखवायला काहीच नव्हतं. (आपलं सुप्रीम कोर्टही १९५६ पासून सांगतंय, नुसत्या ठशावर फार विसंबू नका, जोडीला दुसरा पुरावा हवा.) ऑक्टोबर १९९५ मध्ये तो निर्दोष सुटला.

पुढे दिवाणी दाव्यात शपथेवर म्हणाला, असले भिकार बूट मी घालणारच नाही. आणि १९९३ मधल्या एका फुटबॉल सामन्याचा फोटो निघाला, पायात तेच बूट. वकील म्हणाले, फोटो बनावट. तेव्हा दुसऱ्या फोटोग्राफरचे आणखी ३० निघाले. त्यातला एक तर खुनाआधीच, नोव्हेंबर १९९३ मध्ये छापून आला होता! फेब्रुवारी १९९७ मध्ये ज्यूरीने सिम्पसनला जबाबदार धरलं, ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायला लावले. फौजदारी खटला चालू होता तेव्हा ते सगळे फोटो कुणाच्या तरी कपाटात पडून होते.