हात कुणाचा, लाभ कुणाचा?

'प्रकल्प' हा शब्द आमच्या नांदगाव तालुक्यात शाळेच्या आधी धरणाने आणला. पांझणजवळ गिरणा अडवली गेली आणि १९६९ साली धरण पुरे झाले. पाणी साठले आमच्याकडे, भिजले ते मुख्यतः जळगाव जिल्ह्यातले शिवार. त्यामुळे कुठलाही प्रकल्प म्हटला की मला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. हात कुणाचे राबले? आणि लाभ कुणाला झाला?

आता हा शब्द तिसरी-चौथीच्या पोरांच्या तोंडी असतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि मुलांना पारखण्याच्या साधनांत प्रकल्पाचाही समावेश झाला. हेतू चांगला होता. पण स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पाहा. तयार तक्ते, तयार चित्रे, तयार माहिती. थर्माकोल मामा कापतो, अक्षर ताई काढते. पोर फक्त ते शाळेत पोचवते.

ही कल्पना मुळात अशी नव्हती. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला. मुलाने मनापासून, स्वतःचा हेतू धरून केलेले काम म्हणजे प्रकल्प, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे वस्तू किती देखणी झाली याला दुय्यम स्थान. ती करावी असे मुलाला वाटले का, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे या गोष्टीची मोठी चर्चा झाली ती वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि मुलांच्या हातून होणाऱ्या मालातून मास्तरांचा पगार निघावा, अशी त्यांची मांडणी होती. त्या सभेत जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन उठले. हेच पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. कामातून शिकणे ही कल्पना नवी नाही, अमेरिकेत आणि रशियात ती चालते, हे त्यांनी आदराने पण स्पष्ट सांगितले. पुढे त्यांनी इशाराही दिला. कमाईवर फार भर दिला, तर मास्तर मुकादम होतील आणि गरिबांच्या पोरांना राबवून घेतील. मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल.

हात कुणाचा, लाभ कुणाचा, हाच तो प्रश्न. गांधीजींचे मोठेपण असे की अभ्यासक्रमाच्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच शंका घेणाऱ्या माणसाकडे दिले. समितीने शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिली. मात्र सूत निघाले की काम संपले, असे तिला अभिप्रेत नव्हते. कापूस कुठल्या जमिनीत येतो, सुताचे फेरे किती, भाव काय पडला, यातूनच भूगोल आणि गणित यायचे होते. पुढे अनेक शाळांत गणित-भूगोल वहीत राहिले आणि सूतकताईचा तेवढा तास उरला. टकळी फिरत राहिली, डोके थांबले.

सुदैवाने दुसरी वाटही महाराष्ट्राने पाहिली. ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली. पुढे त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नावच कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शिंपले हेच तिथले साहित्य. त्याला पैसा लागत नव्हता आणि ते मुलांच्या ओळखीचे होते. राबणारा हात मुलाचा आणि लाभही मुलाचाच.

नांदगावच्या मुलांना असे विषय कमी नाहीत. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, रेल्वे जाऊ लागली त्याआधी वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरत आणि टांग्याने पुढे जात. ते किती वेळात पोचत असतील? वाटेत पाणी कुठे पीत असतील? नकाशा काढा, हिशेब मांडा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. एखाद्याचे वडील कांद्याच्या गोण्या उचलतात, त्याला वजनाचे गणित घरीच भेटते. एखादीची नानी गोधडी शिवते, तिच्या ठिगळांत चौकोन आणि त्रिकोण आहेत. त्या नानीची भाषा दखनी असली तरी चौकोन तोच.

अशा मुलाने आणलेला कागद वेडावाकडा असेल, डिंकाने चिकटलेला असेल. दुकानातल्या तक्त्याशेजारी तो फिका दिसेल. गुण देताना गुरुजींनी आणि बाईंनी तो आधी हातात घ्यावा. गोण्या उचलणाऱ्याच्या पोराला आपल्या घरातही शिकण्यासारखे काही आहे, हे पहिल्यांदा कळणार आहे ते त्या कागदामुळेच.